बागेतली छत्री पाडणार आहेत म्हणे

पागोळी | शनिवार, रात्री १०:१०

आमच्या घरापासून चार मिनिटांवर महापालिकेची एक बाग आहे. दादरच्या अलीकडे-पलीकडे, एवढंच सांगते. नाव लिहिलं तर उद्या सकाळी निम्मी बाकडी मला जाब विचारायला येतील. बागेच्या मधोमध आठ खांबांची, लाल कौलांची एक छत्री आहे. कागदोपत्री ती ‘गझिबो’, माळीदादांच्या तोंडी ‘गजेबू’, आणि आमच्या इमारतीतल्या पोरांसाठी ‘गोल घर’. गोल नाही, अष्टकोनी आहे, पण पोरांशी कोण वाद घालणार.

परवा फाटकावर सुशोभीकरणाचा फलक लागला. चित्रात कारंजं आहे, रंगीत दिवे आहेत आणि छत्रीच्या जागी ती ‘आय लव्ह’ने सुरू होणारी ठोकळेबाज अक्षरं, ज्यांच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात. चौकशी केली तेव्हा कळलं की ‘जुनं स्ट्रक्चर’ काढायचं आहे. कारणं तीन. गळतं, संध्याकाळी जोडपी बसतात, दुपारी लोक झोपतात.

गळत असेल तर कौलं बदला, त्यात काय एवढं? आणि उरलेल्या दोन कारणांवरून तर छत्री आपलं काम नेमाने करते आहे असंच दिसतं.

सकाळी पावणेसहाला तिथे योगासनांच्या बायका असतात. साडेसातला हास्यक्लब. मग नातवंडांना शाळेच्या बसमध्ये बसवून आलेले आजी-आजोबा. पण छत्रीची खरी किंमत कळते पावसात. गेल्या जूनमध्ये अशीच एक सर अचानक आली आणि आम्ही वीसेक जण आत घुसलो. कुरिअरची पिशवी पोटाशी धरलेला एक मुलगा, क्लासच्या दोन मुली, मी, आणि हातात पापलेटची पिशवी असलेले एक गृहस्थ. पिशवीमागोमाग बागेतली तिन्ही मांजरं. पाऊण तास कुणालाच हलता येईना. त्या पाऊण तासात पापलेट कोणत्या बाजारात स्वस्त मिळतं, दहावीचं बीजगणित कुठल्या सरांकडे बरं आणि कुरिअरवाल्या मुलाचं गाव संगमेश्वरजवळ कुठे, हे सगळं मला कळलं. मी या भागात एकवीस वर्षं राहते. एरवी या बागेत माझं कुणाशी ‘काय, बरं ना’च्या पुढे बोलणं झालेलं नाही.

वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं आहे. ‘बसायला बरं वाटतं’ एवढ्यावर तिथे काही हलणार नाही, म्हणून ठोस मुद्दे हवेत. छत्री नकोच असं वाटणाऱ्यांनीही लिहा. तेच मुद्दे तिथे ऐकावे लागणार आहेत.

---

तिरकस | शनिवार, रात्री १०:३२

उलट बाजू मागितलीत ना, मग घ्या.

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर धरतात. केंद्राची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं १० ते १२ चौरस मीटर सांगतात. म्हणजे आपल्या वाट्याला आलंय एक पाट मांडण्याएवढं आकाश, त्यावरही छप्पर घालायचं? माणूस घरात छपराखाली, लोकलमध्ये छपराखाली, ऑफिसात छपराखाली. बागेत तरी डोक्यावर काही नको.

दुसरं म्हणजे छप्पर एकटं कधीच येत नाही. आमच्या उपनगरातल्या बागेत आधी अशीच गोजिरी छत्री आली. मग पावसाचं पाणी आत येतं म्हणून दोन बाजूंना पत्रे आले. मग कॅरम. मग कॅरमला कुलूप. आता ते कुणाचं तरी ‘जनसंपर्क कार्यालय’ आहे आणि दारावर फोटो आहेत. मोकळ्या जमिनीवर अतिक्रमण करायला निमित्त लागतं. खांब आणि छप्पर आयतंच मिळालं की निम्मं काम झालं.

झाडं लावा. वडाखाली पार बांधा. पाराला टेंडर लागत नाही.

---

शब्दवेडा | शनिवार, रात्री ११:०५

अवांतर आहे, पण राहवत नाही. ‘गझिबो’ हा शब्द छापील इंग्रजीत पहिल्यांदा १७५२ साली सापडतो. उगम नक्की नाही. जास्त चालणारी अटकळ अशी की ‘टक लावून पाहणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाला कुणीतरी गमतीने लॅटिनचं भविष्यकाळी शेपूट जोडलं आणि ‘मी पाहीन’ असा खोटाच लॅटिन शब्द तयार केला.

मराठीत शब्दांना तोटा नाही. वेली चढवल्या की लतामंडप. ‘छत्री’ आहेच, पण जरा जपून. पुण्यात वानवडीला शिंदे छत्री आहे, ती महादजी शिंद्यांची समाधी. आपल्याकडे थोर माणसाच्या स्मारकावर छत्री उभारतात. पालिकेने ही पाडली तर तिच्या स्मारकासाठी दुसरी छत्री बांधावी लागेल. ‘मेघडंबरी’ हा शब्द मला जिवापाड आवडतो, पण तो रायगडावर सिंहासनाच्या जागी आहे तिथेच राहू दे. चालायच्या ट्रॅकशेजारच्या भेळ खाण्याच्या जागेला कुणी मेघडंबरी म्हटलं तर मी हा धागा सोडून जाईन.

---

कांदेपोहे | शनिवार, रात्री ११:१८

‘मी पाहीन’ म्हणणारी वस्तू आणि ‘बघू’ म्हणणारी पालिका. जोडा छान जमलाय.

ताई, पत्रात हास्यक्लबाचा मुद्दा जरूर घ्या. हे प्रकरण मुंबईचंच आहे. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी अंधेरीच्या लोखंडवालातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलं आणि तिथून जगभर गेलं. आमचे बाबा आमच्या बागेतल्या क्लबात जातात. पावसाळ्यात छत नसेल तर चार महिने क्लब बंद, आणि मग ते घरी हसतात. सकाळी सव्वासहाला. टू बीएचकेमध्ये.

---

नकाशाकाका | रविवार, सकाळी ७:५०

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे जरा मोजमापाचं बोलतो.

पागोळीताई, टेप घेऊन जा आणि समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा. बहुतेक १२ फूट निघेल. १२ फुटी अष्टकोनाची एकेक बाजू साधारण ५ फूट येते. एक बाजू ये-जा करायला सोडली तर सात बाजूंना बाक बसतात. एका बाकावर दोन-तीन माणसं, म्हणजे पंधरा ते वीस. तुम्ही पावसात वीसेक जण म्हणालात ते हिशेबाला धरून आहे. आणि जमीन किती गेली? सुमारे १२० चौरस फूट. तिरकसराव, तुमचं आकाश एवढंच झाकलं जातं. फलकावरच्या कारंज्याचा हौद याहून लहान असेल असं मला वाटत नाही, आणि हौदात बसता येत नाही.

आठ बाजूंचा आणखी एक गुण असा की रांगेतल्या बाकड्यांवर माणसं शेजारी बसून समोरच्या कुंपणाकडे बघतात. इथे तोंडं एकमेकांकडे होतात. पाऊण तासात कुरिअरवाल्याचं गाव कळलं ते उगाच नाही. पण गोल टेबलासारखं अगदी अंगावरही येत नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने थोडं तिरकं व्हावं, बाहेर बघावं, कुणाला राग येत नाही.

आता दोष. आपल्याकडच्या नव्या छत्र्या बऱ्याचदा कॅटलॉगमधून उचललेल्या असतात आणि कॅटलॉग थंड देशातला. तिथे हलक्या उन्हात बसून गुलाब बघायचे असतात. मुंबईचा पाऊस वरून पडत नाही, नैर्ऋत्येकडून येतो. छपराची कड ७ फुटांवर आणि बाहेर आलेली जेमतेम १ फूट, मग बाक भिजणार नाही तर काय? कड तीन फूट तरी बाहेर हवी. जुन्या घरांच्या वळचणी काय हौसेने एवढ्या खोल ठेवत नव्हते. पत्रा घातला तर मे महिन्यात भट्टी आणि जुलैत ताशा. पॉलिकार्बोनेट दिसायला छान, पण खाली बसलं की आपण काचेच्या बरणीतलं लोणचं. मंगळुरी कौल उत्तम. एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं, आणि फटींतून गरम हवा निघून जाते. शेंड्याला जाळीचं छोटं कोंडाळं ठेवलं तर आणखी बरं. समुद्राजवळ लोखंडी खांब टाळावेत, खारं वारं ते खाऊन टाकतं. आणि आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या नकोत. कबुतरं तिथेच वस्ती करतात आणि मग बाकावर कुणी बसत नाही.

पायऱ्यांच्या बाजूला उतार पाहिजे. नियम साधा आहे, एकास बारा. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर चढ असेल तर ३ मीटर ६० सेंटिमीटर लांबीचा उतार. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे, पत्रात तेवढं लिहा. हे वाक्य वाचलं की कुठल्याही इंजिनिअरची मान ताठ होते.

आणि एक ताकीद. विजा कडकडत असतील तर उघड्या छत्रीत थांबू नका. ती सरीसाठी आहे, विजेसाठी नाही. पक्क्या इमारतीत जा. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात हे ध्यानात ठेवा.

---

बोरिवलीचा_बिबट्या | रविवार, सकाळी ९:१५

काका, वाचनखूण साठवली.

मुंबईची यादी करू. बांद्र्याचा बँडस्टँड, बँड कधीच गेला, स्टँड फक्त नावात उरला. कूपरेजला मात्र इंग्रजांच्या काळातला बँडस्टँड अजून उभा आहे, मध्यंतरी डागडुजी करून तिथे पुन्हा वाद्यं वाजली. म्हणजे जुनं आहे म्हणून पाडलंच पाहिजे असं काही नाही. आणि आमच्या नॅशनल पार्कात गांधी टेकडीवरचा मंडप. चढून गेल्यावर वारा लागतो तेव्हा शब्दवेडा यांचं ‘पाहीन’ पटतं.

पण यातली एकही जागा रोज संध्याकाळी पाय मोकळे करायची नाही. ताईंची छत्री कुठल्याच यादीत नाही, म्हणून ती आधी जाणार.

---

जुना_गिरणगावकर | रविवार, दुपारी १२:४०

लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. खोली १६० चौरस फूट, माणसं आठ. नकाशाकाकांनी छत्रीचं १२० चौरस फूट सांगितलं तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले. आमच्या घराहून जेमतेम एक मोरी आणि पलंग कमी.

वडील गिरणीत. रातपाळी असली की सकाळी येऊन झोपायचे आणि घरात पिन पडली तरी आईचे डोळे वटारलेले. मग आम्हा भावंडांनी जायचं कुठे? गॅलरीत बायकांची कामं. जिन्यात उंदीर. जवळच्या बागेत एक सिमेंटचा मंडप होता, चार खांब आणि वर सपाट स्लॅब. रूपाने अगदीच ओबडधोबड, पण सावली होती, आणि संध्याकाळी शेजारच्या खांबावरचा दिवा पुस्तकावर पडायचा. वरळीच्या मुलांना अभ्यास गल्ली होती, पोदार रुग्णालयाजवळची, तिथे आजही मुलं दिव्याखाली बसतात. आम्हाला आमचा मंडप होता. माझी दहावी तिथे झाली. त्यातला एक खांब माझा, त्यावर मी कंपासच्या टोकाने सूत्रं कोरली होती. ते चुकलंच, माळ्याने कान पिळला होता.

मग १८ जानेवारी १९८२. संप सुरू झाला. पहिले काही आठवडे वडील मोर्चाला, सभेला जायचे. नंतर सभाही कमी झाल्या. घरात दिवसभर बसायची त्यांना सवय नव्हती, आणि आईला त्यांना घरात बघायची. एक दिवस मी पुस्तकं घेऊन मंडपात गेलो तर माझ्या खांबाला टेकून वडील बसले होते. आणखी सहा-सात जण, सगळे त्यांच्याच खात्यातले. कुणी बोलत नव्हतं. मला बघून वडील सरकले आणि म्हणाले, “बस, तुझी जागा आहे.” मी बसलो. त्या दिवशी काहीच वाचलं नाही.

ते जवळजवळ वर्षभर तिथे येत होते. घरी सांगून निघायचे, “जरा जाऊन येतो.” डबा मात्र आई देत असे.

आता आमची इमारत होते आहे, ५०० चौरस फुटांचं घर मिळणार. तो मंडप केव्हाच गेला. तिथे आता काय आहे ते बघायला मी गेलेलो नाही.

तिरकसराव, तुमचा अतिक्रमणाचा मुद्दा खरा आहे. पण ज्याच्या घरात जागा नाही त्याला आकाश नको असतं हो. आकाश त्याच्याकडे भरपूर असतं.

---

कांदेपोहे | रविवार, दुपारी १:०२

काका, नमस्कार करतो. काल मी विनोद केला, त्याबद्दल माफ करा.

---

लोकलवाली | रविवार, दुपारी ३:२५

गिरणगावकर दादांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण पत्रात बायकांचा मुद्दा यायलाच हवा.

एकट्या बाईने बागेतल्या सुट्या बाकड्यावर बसणं आणि छत्रीत बसणं यात फरक आहे. बाकड्यावर अर्ध्या तासात कुणीतरी शेजारी येऊन घसा खाकरतो. छत्रीत चार बायका आधीच असतात. शिवाय ती सगळीकडून उघडी असते, आतलं बाहेरून दिसतं, बाहेरचं आतून. म्हणून भिंत, जाळी, पडदा काहीही नको. तिरकस, इथे मी तुमच्याच बाजूने आहे. दिवा मात्र हवा, आणि तो आत हवा. बाहेरचा खांब झाडात गुंडाळला जातो. संध्याकाळी रमीवाल्यांनी सातही बाक अडवायचे नाहीत, हा नियम कुठल्या कायद्यात बसतो ते काकांनी शोधावं.

पण माझा खरा मुद्दा दुपारचा आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं सकाळचं शेवटचं घर साडेबाराला संपतं आणि दुपारचं पहिलं चारला सुरू होतं. घर दिव्याला, ठाण्याच्या पलीकडे, म्हणजे जाऊन येणं शक्य नाही. इतकी वर्षं त्या वेळात त्या कुठे असतात हे मी विचारलंच नव्हतं. गेल्या मे महिन्यात बी विंगच्या जिन्यावर, पंपरूमच्या वळणाशी त्या डबा खाताना दिसल्या. बाग शंभर पावलांवर. पण आमची बाग दुपारी बंद असते. सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे ऊन नसताना, छत्री उघडी. ऊन असताना कुलूप.

तेव्हा पागोळीताई, ‘दुपारी लोक झोपतात’ यावर माझा पहिला प्रश्न, तुमची बाग दुपारी उघडी असते?

---

पागोळी | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. गिरणगावकर दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या परळच्या. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवापाशी गेल्या.

लोकलवाली, बरोबर पकडलंत. आमची बाग आधी दुपारी बंदच असायची. ती दिवसभर उघडी राहायला लागली आणि तेव्हापासून ‘झोपतात’ ही तक्रार सुरू झाली. मी आज मुद्दाम दोन वाजता जाऊन आले. आत नऊ जण होते. झोपलेले तीन: एक सिक्युरिटी गार्ड, बूट नीट जोडून ठेवलेले, एक पेंटर, आणि आमच्याच इमारतीतले एक आजोबा, ज्यांच्या घरी सध्या टाइल्सचं काम चालू आहे. दोन डिलिव्हरीवाली मुलं मोबाइल बघत होती. उरलेल्या चौघी डबा खात होत्या. त्यातली एक आमच्या समोरच्यांकडे पोळ्या करते. मला बघून ती उठायला लागली. बस म्हटलं तर बसली, पण डबा झाकून. मी काहीतरी पुटपुटून निघाले. मलाच कसंतरी झालं, मी तिथे मोजणी करायला गेले होते.

तक्रारीचा अर्ज कुणी दिला तेही कळलं. नाव लिहीत नाही. सकाळी सहा ते आठ छत्री वापरणारी मंडळीच आहेत, आपलीच.

---

तिरकस | रविवार, संध्याकाळी ७:११

मी मत बदललेलं नाही, थोडं सरकवलंय. छत्री राहू दे, पण पत्रात अटी घाला. चारही बाजू कायम उघड्या. कुलूप लागेल असं काहीही नको. कुणाच्या सौजन्याचा फलक नको, कारण फलक आला की मालक आला. आणि दुरुस्तीच्या नावाखाली शेजारचं झाड गेलं तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याची आठवण करून द्यायला मी स्वतः येईन.

बाकावर मधेमधे ते लोखंडी दांडे बसवतील, कुणी आडवं होऊ नये म्हणून. आजकाल ती टूम आहे. त्याला आधीच नाही म्हणा. ‘आसनव्यवस्थेत सुधारणा’ अशा नावाने येतं ते.

पाराचा आग्रह मागे घेतो. वड मोठा व्हायला तीस वर्षं लागतील, मावशींना साडेबाराला बसायचंय.

---

शब्दवेडा | रविवार, संध्याकाळी ७:४०

पत्रात ‘गझिबो’ लिहू नका, ‘सार्वजनिक निवारा’ लिहा. गझिबो म्हटलं की चैन वाटते, ती पाडायला कुणाचा जीव खालवर होत नाही. निवारा पाडायचा म्हटलं की फाइलवर सही करणारा जरा थांबतो. शब्दाचा एवढा उपयोग तरी व्हावा.

---

नकाशाकाका | रविवार, रात्री ८:५५

उत्तम सूचना. ताई, मजकूर मला पाठवा, सोबत एक हाताने काढलेला नकाशा जोडतो. कड वाढवायची कशी ते त्यात दाखवतो. खांब ठणठणीत असतील तर पाडायची गरजच नाही, वरची कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, बदलली की झालं. खर्चही नव्या अक्षरांपेक्षा फार होईल असं वाटत नाही, पण मोजल्याशिवाय बोलत नाही.

मोजलंत का? आणि पावसात नेमके कोणते बाक भिजतात?

---

पागोळी | रविवार, रात्री ९:२०

मोजलं. साडेबारा फूट. कड बाहेर फक्त एक फूट दोन इंच, तुम्ही म्हणालात तशीच. खांब दगडी आहेत, एकालाही तडा नाही.

भिजतात ते फाटकाकडून आत शिरल्यावर डाव्या हाताचे दोन. नैर्ऋत्य तीच असावी. पावसाळ्यात बाकीचे पाच बाक आजी-आजोबा आणि रमीवाले धरून बसतात, त्यामुळे जोडप्यांना कायम तेच दोन मिळतात. एक छत्री उघडून तिच्याआड बसलेली असतात बिचारी, छत्रीत छत्री.